तीस जोड

सोंड समुद्रातून आली, असं सगळेच सांगतात.
सात मिनिटं.
सहमच्या किनाऱ्यावरचे मासळीबाजाराचे पत्रे, चार होड्या,
आणि खजुराच्या बागांतून एक सरळ पट्टा
वस्तऱ्यानं भादरल्यासारखा.

मी तेव्हा शीतगृहात होतो, उणे अठरा अंशांत,
कोळंबीची खोकी मोजत.
मला काहीच ऐकू आलं नाही.
हे कुणाला सांगत नाही. इथं सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये
मंडळाचे पेडणेकर म्हणाले, तुला याद्या जमतात, तू बस.
बसलो.
भिंतीवर पांढरा बोर्ड, मार्कर एकच,
तोही लाल.

मदत कमी नव्हती. मदत अंगावर येत होती.
मल्याळी समाजमचा कुंजुमोन चौदाशे बिर्याण्या घेऊन,
बद्रियाबाईंच्या महिला संघाच्या चादरी, ट्रकभर,
शेरजमानचा पाण्याचा टँकर, जो कुणी बोलावलाच नव्हता,
आणि आमचं मंडळ :
दिवाळीचा उरलेला चिवडा, बॅनरसकट.
प्रत्येकाला आपला फोटो हवा होता.
हे लिहू नये. पण हवा होता.
मलाही.

संध्याकाळपर्यंत किनाऱ्याच्या गल्लीत
घरटी तीनदा जेवण, पाच-पाच चादरी,
आंबलेल्या भातावर मांजरंसुद्धा तोंड फिरवू लागली.
बागांच्या पलीकडे कोण राहतं
ते एकाही यादीत नव्हतं.

मोफज्जल चालत आला. नऊ किलोमीटर.
एका पायात चप्पल, दुसऱ्याला पिशवी, सुतळीनं बांधलेली.
रांग नव्हती, तरी रांगेत असल्यासारखा उभा राहिला.
मी सवयीनं विचारलं, माणसं किती?
एकतीस, म्हणाला.
मग थांबला.
तीस.
मी एकतीस लिहून बसलो होतो.
बोर्ड पुसायचं फडकं कुठं सापडेना.

जेवण पाठवू?
नको. पडलेला खजूर आहे, खूप आहे.
फोन चार्ज करायचेत.
एक गेला, एवढंच कळलंय गावाकडं.
कोण, ते कळलेलं नाही.
एकतीस घरांत रडणं चालू आहे.

मग कुणी कुणाला विचारलं नाही.
कुंजुमोननं बिर्याणीच्या गाडीतून पातेली उतरवली
आणि जनरेटर चढवला.
बद्रियाबाईंनी जुन्या पाटाच्या कडेनं जाणारी वाट
माझ्या वहीच्या मागच्या पानावर काढून दिली.
शेरजमान म्हणाला, टँकर पुढे, आडवी झाडं मी बघतो.
पेडणेकरांनी बॅनर घेतला.
रात्री तो चार्जरच्या टेबलावर अंथरलेला दिसला,
नाव खालच्या बाजूला.

एकेक फोन उजळत गेला.
जो तो बागेत लांब जाऊन बोलायचा,
हसू आलं तर कुणी पाहू नये म्हणून.
एकतिसावा नंबर मोफज्जलनं लावला.
मी जनरेटरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो,
तिथं आवाज जास्त होता.

सोहारचा रस्ता सकाळपर्यंत बंद.
मी शीतगृहाचा तीन नंबरचा कप्पा रिकामा केला.
बारा वर्षं ही नोंदवही लिहितोय :
मालाचं नाव, नग, आवक, जावक.
त्या रात्री पहिल्या रकान्यात लिहिलं
शहाबुद्दीन, वय चोवीस, गाव हातिया.
नगाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.
हिशेब तपासणाऱ्यानं विचारलं तर विचारू दे.

पहाटे कुंजुमोनचा फोन.
आज किती बिर्याण्या?
एकही नको, म्हटलं. चपला आण. तीस जोड.
तो म्हणाला, मापं सांग.

मी वही उघडली.
सगळं होतं तीत. नावं, गावं, रक्तगटसुद्धा.
दार उघडून बागेकडं निघालो,
पट्टीऐवजी हातात
कोळंबीच्या खोक्याची सुतळी.